लिनक्सच्या अपग्रेडचा शिरस्ता

स्लॅकवेअर ह्या लिनक्स वितरणाबरोबर ‘अपग्रेड’ नावाची एक साधी मजकुराची फाइल येते, आणि ज्याला आपले यंत्र जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर स्वतःच्या हाताने, एकेक आज्ञा देत न्यावयाचे आहे, त्याने कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी घ्यावी हे तीत नेमून दिलेले असते. आधी साऱ्या यंत्राची, निदान ‘ईटीसी’ डिरेक्टरीची तरी, नक्कल अन्यत्र सुरक्षित ठेवावी. मग इतर वापरकर्त्यांना निरोप देऊन यंत्र एकल-वापरकर्ता अवस्थेत आणावे. त्यानंतर सर्वांआधी सी लायब्ररी बदलावी, तिच्यामागून पॅकेजे उलगडणारी हत्यारे बदलावी, आणि मगच बाकीच्या शेकडो पॅकेजांना हात घालावा. कालबाह्य झालेली पॅकेजे काढून टाकावी, ‘डॉट न्यू’ असे शेपूट लागलेल्या कॉन्फिगरेशनच्या फाइली जुन्यांशी ताडून पाहाव्या, आणि सरतेशेवटी, यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी, नवा कर्नल व बूट लोडर जागच्या जागी आहेत ह्याची रुजुवात करून घ्यावी. हा क्रम प्रथम वाचणाऱ्याला एखाद्या जुन्या कचेरीतल्या शिरस्त्यासारखा, कारण न विचारता पाळावयाचा, वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक कलम कोणत्या ना कोणत्या काळी कोणाचे तरी यंत्र बंद पडल्यामुळे तेथे येऊन बसलेले आहे, आणि म्हणूनच लिनक्सचा इतिहास ज्याला त्याच्या घडणीसकट समजून घ्यावयाचा असेल, त्याने उत्पादनांच्या जाहिराती बाजूला ठेवून अपग्रेडच्या ह्या क्रमाकडे वळावे, असे माझे मत आहे.

लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीहून २५ ऑगस्ट १९९१ रोजी जे जाहीर केले तो केवळ कर्नल होता. त्यावर चालणारा कंपायलर, आज्ञा घेणारे शेल, फाइलींची नक्कल करणाऱ्या आणि त्या हलविणाऱ्या लहानसहान आज्ञा, हा सगळा सरंजाम रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये आरंभिलेल्या जीएनयू प्रकल्पातून व इतर ठिकाणांहून आला. व्यापारी युनिक्स विकणारी कंपनी कर्नल, लायब्ररी आणि हत्यारे एकाच हाताने तयार करून एकाच टेपवर देत असे, त्यामुळे त्यांचे परस्परांशी जुळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी तिच्यावर असे. लिनक्सच्या बाबतीत प्रत्येक भागाचा कर्ता निराळा, त्याचा निवास निराळा, त्याच्या नव्या आवृत्तीची तिथीही निराळी. १९९२ मध्ये एसएलएस हे वितरण आले, त्यातून १७ जुलै १९९३ रोजी पॅट्रिक व्होल्कर्डिंगचे स्लॅकवेअर निघाले, आणि पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली; तथापि ह्या वितरणांनीही आरंभी भाग गोळा करून फ्लॉप्यांच्या चळतीत रचून देण्यापलीकडे फारसे केले नव्हते. नवा कर्नल आला, नवी लायब्ररी आली, की यंत्राचा मालकच ती उतरवून घेई, आणि कोणता भाग कोणत्या भागावर उभा आहे ह्याचे ज्ञान मालकाच्या डोक्यात असले तर असे, नसले तर यंत्र ते त्याला शिकवी.

सर्वांत कडक शिकवण सी लायब्ररीची होती. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’ ह्यांसारखी एकूणएक आज्ञा फाइल उघडण्यासाठी किंवा पडद्यावर एक अक्षर उमटविण्यासाठी ह्या लायब्ररीमार्फत कर्नलकडे जाते, आणि चार-आठ मेगाबाइट स्मृतीच्या त्या यंत्रांवर सर्व प्रोग्रॅमांनी तिची एकच प्रत वाटून घेणे अपरिहार्य होते. प्रोग्रॅम तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारीत नसत, ‘लिबसी.एसओ.४’ ह्या आखूड नावाने मारीत, आणि ‘लिब’ डिरेक्टरीतील ते आखूड नाव म्हणजे पूर्ण क्रमांकाच्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखविणारा केवळ एक दुवा असे. नवी लायब्ररी बसविणे म्हणजे नवी फाइल तेथे आणून ठेवणे आणि दुव्याचे बोट तिच्याकडे वळविणे, एवढेच काम. आता ज्याने सरळ विचार करून आधी जुना दुवा पुसला आणि मग नवा दुवा करण्यासाठी ‘एलएन’ ही आज्ञा दिली, त्याच्यापुढे काय वाढून ठेवले असे? ‘एलएन’ हाही एक प्रोग्रॅमच. त्यालाही लायब्ररी हवी, आणि लायब्ररीचे नाव तर नुकतेच पुसले गेले. ‘एलएस’ चालत नाही, ‘सीपी’ चालत नाही, यंत्र रीतसर बंद करण्याची आज्ञासुद्धा चालत नाही. फक्त ज्या शेलमध्ये मनुष्य बसलेला असे ते शेल, आधीच स्मृतीत चढलेले असल्यामुळे, जिवंत राही. त्याच्या पोटात अंगभूत असलेला ‘एको’ तेवढा उपलब्ध असे, आणि अनुभवी माणसे ‘एको’पुढे एक तारका लिहून डिरेक्टरीतल्या फाइलींची नावे कशीबशी वाचून घेत. नावे वाचता येत, परंतु दुरुस्ती करता येत नसे. जुन्या वाड्यात माणसे राहत असतानाच मधला खांब बदलावयाचा झाल्यास आधी टेकू द्यावा लागतो, तसेच हे होते, आणि टेकू न देता खांब काढणाऱ्याला बूट फ्लॉपी शोधीत बसावे लागे.

ह्या एका अनर्थातून तीन रीती रूढ झाल्या. पहिली, दुवा पुसणे आणि करणे ही दोन कामे ‘एलएन’ला ‘एसएफ’ ही अक्षरे जोडून एकाच आज्ञेत उरकावी, म्हणजे ती आज्ञा एकदा स्मृतीत चढली की मध्ये दुवा नाहीसा झाला तरी तिचे काम अडत नाही. दुसरी, ‘एसएलएन’ नावाचा, लायब्ररी स्वतःच्या पोटातच घेऊन जन्मलेला दुवा-कर्ता डिस्कवर कायम ठेवावा. ज्याला वाटून घेतलेल्या लायब्ररीची गरजच नाही असा एखादा सेवक संकटकाळी घरात असावा लागतो. तिसरी रीत सगळ्यांत महत्त्वाची: लायब्ररी सर्वांआधी आणि एकटीच बदलावी, तिच्याबरोबर दुसरे काहीही हलवू नये, म्हणजे काही बिघडलेच तर कशामुळे बिघडले हे कळते. स्लॅकवेअरच्या क्रमात सी लायब्ररीला आजही जे पहिले स्थान आहे, त्याचे मूळ येथे आहे.

१९९५ च्या सुमारास ह्याहून मोठे स्थित्यंतर आले. तोवर लिनक्सवरील प्रोग्रॅम ‘ए.आउट’ ह्या जुन्या साच्यात असत, आणि त्या साच्यात वाटून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीला स्मृतीतील एक ठराविक पत्ता आगाऊ नेमून द्यावा लागे. दोन लायब्रऱ्यांचे पत्ते एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांची नोंद जमिनीच्या सातबाऱ्यासारखी एका ठिकाणी ठेवणे भाग पडे. सिस्टिम फाइव्ह युनिक्समधून आलेल्या ‘एल्फ’ साच्यात ही अडचण नव्हती, म्हणून सर्वांनी तिकडे जावयाचे ठरविले. पण जावयाचे कसे? नव्या साच्याचा प्रोग्रॅम जुना कर्नल ओळखत नाही, आणि सारे प्रोग्रॅम एका रात्रीत नव्याने बांधणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. तोडगा निघाला तो असा, की प्रथम दोन्ही साचे ओळखणारा कर्नल बसवावा, आणि मार्च १९९५ मध्ये आलेला १.२ कर्नल तसा होता, मग एल्फ प्रोग्रॅमांना स्मृतीत चढविणारा लोडर आणावा, मग एच. जे. लू ह्यांच्या देखरेखीखालील ‘लिबसी’ ह्या सी लायब्ररीची पाचवी आवृत्ती चौथीच्या शेजारी, चौथीला धक्का न लावता, ठेवावी. त्यानंतर कंपायलर व त्याची हत्यारे. आणि मग उरलेले प्रोग्रॅम सवडीने, एकामागून एक. डेबियनची १.१ ही आवृत्ती जून १९९६ मध्ये एल्फवर आली. जुन्या साच्याला कर्नलने एवढा दीर्घ आश्रय दिला, की एक्स८६ यंत्रांवरून ए.आउटचा आधार अखेर २०२२ मध्ये काढला गेला.

ह्या स्थित्यंतरात क्रमाचे मूळ तत्त्व प्रथमच उघड झाले, असे मला वाटते. खालचा थर जुने व नवे दोन्ही ओळखील असा आधी करावा आणि मग वरचे थर बदलावे, कारण नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सांभाळून घेतो, नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमांना बहुधा सांभाळून घेते, पण नवा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर उभा राहत नाही आणि नवी लायब्ररी फार जुन्या कर्नलवर पाऊल ठेवण्याचेच नाकारते. ‘जीलिबसी’ ह्या जीएनयूच्या सी लायब्ररीमध्ये तर कर्नल अतिशय जुना असल्याचा एक घातक संदेश कायम लिहून ठेवलेला आहे, आणि तो एकदा उमटला की पुढे काहीही चालत नाही. टोरवाल्ड्सने कर्नलच्या बदलामुळे वापरकर्त्याचा प्रोग्रॅम मोडता कामा नये हा नियम वर्षानुवर्षे इतक्या कठोरपणे चालविला नसता, तर हाताने अपग्रेड करण्याची विद्या निर्माणच झाली नसती. प्रत्येक वेळी सारे यंत्र पुसून नव्याने मांडावे लागले असते.

तरीही लिबसीची सहावी आवृत्ती आली तेव्हा ह्या तत्त्वाची कसोटी लागली. लिनक्सची आपली स्वतंत्र लिबसी ही मूळच्या जीएनयू लायब्ररीची फुटून निघालेली शाखा होती. मूळ लायब्ररीने मधल्या काळात उलरिख ड्रेपर ह्यांच्या हातून मोठी प्रगती केली, आणि जानेवारी १९९७ मध्ये जीलिबसी २.० बाहेर पडल्यावर लिनक्सने शाखा सोडून मूळ प्रवाहात परत यावे असे ठरले. येथे दोन लायब्रऱ्या शेजारी नांदू शकत होत्या, पण एकाच प्रोग्रॅमच्या आत नांदू शकत नव्हत्या. एखादा प्रोग्रॅम नव्या लिबसीवर बांधलेला आणि त्याला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी जुन्या लिबसीवर बांधलेली, असे झाले की तो कोसळे. शिवाय कोण केव्हा यंत्रात आले व केव्हा गेले ह्याची नोंद ठेवणाऱ्या ‘यूटीएमपी’ फाइलीचा नमुनाही बदललेला असल्यामुळे जुना प्रोग्रॅम एका नमुन्यात लिही, नवा दुसऱ्या नमुन्यात वाची, आणि हजेरीपट सगळा विस्कटून जाई. डेबियनने ह्यावर पॅकेजांच्या नावांतच तोड काढली: जुन्या लिबसीवरच्या पॅकेजाचे नाव तसेच ठेवून नव्या लिबसीवर बांधलेल्या पॅकेजाच्या नावात ‘जी’ हे एक अक्षर घातले, म्हणजे ‘झेडलिब१’ हे जुने आणि ‘झेडलिब१जी’ हे नवे, दोन्ही एकाच यंत्रावर गुण्यागोविंदाने राहावी. बदलाचे कारण कधीच सरले, पण ते अक्षर आजच्या डेबियन व उबुंटू यंत्रांवरही त्या नावात तसेच आहे.

सर्वांत नाजूक जागा शेलची होती. पॅकेज बसविताना त्याच्याबरोबर आलेल्या लहान आज्ञापत्रिका शेलकडून चालवून घ्याव्या लागतात. शेल म्हणजे बॅश. बॅश उभे ‘रीडलाइन’ लायब्ररीवर. आणि रीडलाइन उभी लिबसीवर. ह्या साखळीतील एक कडी चुकीच्या वेळी बदलली तर पॅकेज बसविणारा स्वतःच मुका होतो, आणि झालेली चूक सुधारण्याचे साधन चुकीतच नाहीसे होते. म्हणून डेबियनच्या १.३ वरून २.० वर येणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवण्यात आला: आधी लोडर, मग नवी लिबसी, मग रीडलाइन, मग बॅश, मग पॅकेज-व्यवस्थापक डीपीकेजी, आणि त्यानंतर बाकीचे. हा क्रम हाताने पाळताना चुका होतात हे दिसल्यावर तोच क्रम ‘ऑटोअप’ नावाच्या आज्ञापत्रिकेत उतरविला गेला. डेबियन २.० ही आवृत्ती २४ जुलै १९९८ रोजी प्रसिद्ध झाली. रेड हॅटने हीच उडी डिसेंबर १९९७ मध्ये ५.० आवृत्तीत घेतली होती. व्होल्कर्डिंगने मात्र घाई केली नाही, आणि स्लॅकवेअर ऑक्टोबर १९९९ मध्ये ७.० आवृत्तीवर जाईपर्यंत त्याचे वापरकर्ते जुन्या लिबसीवर स्वस्थ राहिले. त्या सबुरीची तेव्हा पुष्कळांनी मागासलेपणात गणना केली. मला ती शहाणपणाची वाटते.

मनुष्याच्या डोक्यातला क्रम यंत्राच्या हत्यारात उतरविण्याचे श्रेय मुख्यतः डेबियनच्या डीपीकेजीला द्यावे लागेल. इयन जॅक्सनने सी भाषेत नव्याने लिहिलेल्या ह्या प्रोग्रॅमने पॅकेज उलगडणे आणि ते सिद्ध करणे ही दोन कामे अलग केली, त्यामुळे परस्परांवर विसंबलेली दहा पॅकेजे आधी उलगडून मग योग्य क्रमाने सिद्ध करता येऊ लागली. जेथे एवढ्यानेही भागत नाही, म्हणजे एक पॅकेज उलगडण्यापूर्वीच दुसरे पूर्ण सिद्ध असले पाहिजे, तेथे ‘प्री-डिपेंड्स’ असे कडक बंधन घालता येते. आणि हे बंधन साऱ्या अपग्रेडची वाट अरुंद करणारे असल्यामुळे, विकासकांत आधी चर्चा होऊन सहमती झाल्यावाचून कोणी ते घालू नये, असे डेबियनच्या धोरणग्रंथातच नमूद आहे. लायब्ररीचा दुवा पुसण्याच्या जुन्या अनर्थावरही ह्यात उत्तर आहे. नवी फाइल प्रथम ‘डीपीकेजी-न्यू’ हे शेपूट लावून जुनीच्या शेजारी पूर्ण लिहिली जाते, आणि मग एकाच कर्नल-आज्ञेने तिला जुनीचे नाव दिले जाते, त्यामुळे ते नाव डिस्कवर नाही असा क्षणच येत नाही.

ज्या प्रोग्रॅमांनी जुनी लायब्ररी आधीच उघडलेली असते त्यांचे काय होते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. युनिक्सच्या रचनेत फाइलीचे नाव गेले तरी जोवर कोणी ती उघडून बसले आहे तोवर तिचा देह डिस्कवर राहतो; त्यामुळे चालू प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर बिनघोर चालत राहतात. पण यंत्रातील आद्य प्रक्रिया ‘इनिट’ तर यंत्र बंद होईपर्यंत कधीच संपत नाही. ती जुन्या, निनावी झालेल्या लायब्ररीला धरून बसली, की बंद होण्याच्या वेळी मूळ फाइल-प्रणाली केवळ-वाचनाच्या अवस्थेत नेता येत नाही, आणि पुढच्या आरंभी डिस्कची तपासणी निघते. म्हणून लायब्ररी बदलल्याबरोबर ‘टेलइनिट यू’ अशी आज्ञा देऊन इनिटला स्वतःचाच नव्याने अवतार घ्यावयास लावीत, आणि डेबियनमध्ये हे काम लायब्ररीच्या पॅकेजाची आज्ञापत्रिका आपण होऊन करी. एवढ्या बारकाव्याची काळजी ज्यांनी वाहिली, त्यांच्याविषयी मला मोठा आदर वाटतो.

कर्नल शेवटी का, ह्याचे उत्तर वर्नर आल्मेसबर्गरच्या ‘लिलो’ ह्या बूट लोडरपाशी आहे. लिलोला फाइल-प्रणाली वाचता येत नसे. कर्नल डिस्कच्या कोणकोणत्या भागांवर पडला आहे त्याचा नकाशा ‘लिलो’ ही आज्ञा चालविली की तयार होई, आणि आरंभी तो नकाशाच वाचला जाई. कर्नलची फाइल बदलली आणि ती आज्ञा द्यावयाची राहिली, तर नकाशा जुन्या जागा दाखवी, जेथे आता भलतेच काही असे. लिलो आपल्या नावाची चार अक्षरे एकेक टप्पा पार पडेल तसतशी पडद्यावर उमटवी, आणि ‘एल-आय’ एवढीच अक्षरे उमटून यंत्र थिजले, म्हणजे दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालविता आला नाही, हे जाणत्यांना तत्काळ कळे. जुना कर्नलही यादीत दुसऱ्या नावाने राखून ठेवण्याची रीत त्यामुळे सार्वत्रिक झाली.

परंतु कर्नल नेहमीच शेवटी असतो असेही नाही. ६ फेब्रुवारी २०११ रोजी आलेल्या डेबियन ६.० कडे जाताना हा क्रम उलटवावा लागला, कारण उपकरणांची नावे राखणाऱ्या नव्या ‘यूडेव्ह’ला जुन्या आवृत्तीच्या कर्नलची ठेवण चालत नव्हती आणि जुन्या यूडेव्हला नवा कर्नल पुरतेपणी पेलत नव्हता, म्हणून थोडीशी पॅकेजे बदलून लगेच कर्नल, त्याच्या पाठोपाठ यूडेव्ह, मग यंत्र पुन्हा सुरू, आणि त्यानंतर उरलेले सारे, अशी सूचना प्रकाशन-टिपणात होती. त्याच सुमारास नव्या कर्नलांत ‘एचडीए’ म्हणून ओळखली जाणारी डिस्क ‘एसडीए’ ह्या नावाने उगवू लागली, आणि ज्यांनी कोणती डिस्क कोठे जोडावयाची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलीत जुनी नावे तशीच ठेवली त्यांची यंत्रे आपलीच डिस्क ओळखीनाशी झाली.

आपल्याकडे ही विद्या बरीचशी सीडीवरून आली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले खरे, पण दूरध्वनीच्या तारेवरून शेकडो मेगाबाइट उतरविणे कोणालाच परवडणारे नव्हते, आणि पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणारी लिनक्सची सीडी हीच पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांची वितरणशाळा होती. सीडीवर जे नाही ते लवकर मिळणार नाही, ह्या जाणिवेने टिपणे आधी संपूर्ण वाचण्याची सवय ज्यांना लागली, त्यांना ती पुढे फार उपयोगी पडली.

पॅकेजांचा क्रम आपणच लावणारे ॲप्ट हे हत्यार १९९९ च्या डेबियन २.१ पासून सर्वांच्या हाती आल्यावर क्रम लक्षात ठेवण्याची गरज संपली असे वाटू लागले होते. आर्च लिनक्सने दोन लागोपाठच्या वर्षांत तसे नाही हे दाखविले. जुलै २०१२ मध्ये तेथे ‘लिब’ ही डिरेक्टरी रद्द होऊन ‘यूएसआर’मधील लिबकडे दाखविणारा दुवा तिच्या जागी यावयाचा होता, सूचना होती की आधी जीलिबसी वगळून बाकीचे अपग्रेड करावे, आणि लिबमध्ये परकी फाइल एकही उरली नाही असे पाहून मगच जीलिबसी घ्यावी. ज्यांनी अडथळा आला म्हणून सक्तीचा पर्याय वापरला त्यांची यंत्रे वीस वर्षांपूर्वीच्या त्याच खड्ड्यात पडली: लोडर ज्या वाटेवर असावयाचा ती वाटच नाहीशी झाली. जून २०१३ मध्ये ‘बिन’ डिरेक्टरीची तीच गत व्हावयाची होती, तेव्हा प्रथम फाइल-प्रणालीचे पॅकेज आणि बॅश ही दोन्ही वगळून अपग्रेड, मग एकटे बॅश, मग उरलेले, असा तीन आज्ञांचा क्रम सांगितला गेला. शेल पुन्हा एकदा वेगळे काढले गेले, आणि त्याचे कारण १९९८ मधलेच होते.

डेबियन आजही अपग्रेड दोन टप्प्यांत करावयास सांगते: प्रथम नवे पॅकेज न आणता व जुने न काढता जेवढे बदलेल तेवढे बदलावे, मग पूर्ण अपग्रेड, आणि सारा संवाद ‘स्क्रिप्ट’ आज्ञेने फाइलीत टिपून ठेवावा, म्हणजे मध्येच काही मोडले तर शेवटचे शब्द दप्तरी राहतात. २०२४ मध्ये त्याच्या विकासकांनी ३२-बिट यंत्रांवर काळ मोजण्याचा आकडा ६४ बिटांचा केला, कारण जुना आकडा जानेवारी २०३८ मध्ये भरून वाहणार आहे. आणि जुन्या व नव्या मापाचे प्रोग्रॅम एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेज-नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडले. जुने प्रोग्रॅम चालविणे हेच मुख्य प्रयोजन उरलेल्या ‘आय३८६’ ह्या ३२-बिट यंत्रप्रकाराला त्यातून वगळण्यात आले, म्हणजे जुन्या लोकांची सोय पाहून मगच नवे करण्याची रीत तेथेही राखली गेली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ च्या पॅकेज-सूचीत ‘लिबएसएसएल३टी६४’ आणि ‘झेडलिब१जी’ ही दोन्ही नावे आढळतात.